भाची सिस्टर होऊन पापुआ न्यू गिनीला गेली आहे. पहिले दिवस कसे जातात?

बगीचावाला
नमस्कार मंडळी. मी वरुडकडचा. एरवी संत्र्याच्या धाग्यांवरच बडबड करत असतो, आज विषय वेगळा आहे.

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी नर्सिंग झालेली आहे. व्रतं घेऊन सिस्टर झाली. तिच्या संघाने तिला पापुआ न्यू गिनीला पाठवलं. ऑस्ट्रेलियाच्या वरचा देश. माउंट हेगन नावाच्या शहरापासून आत डोंगरात मिशनचं आरोग्य केंद्र आहे, तिथे. आमचं घर तीन पिढ्यांपासून चर्चमधलं, त्यामुळे 'सिस्टर का झाली' हा प्रश्न कृपया काढू नका. तो आमच्या घरात भांडून संपलेला आहे.

प्रश्न ताईचा आहे. रोज रात्री जेवणं आटोपली, भांडी झाली, की आठ-साडेआठला ती पोरीला व्हॉट्सअॅपवर फोन लावते. पोरीचा आवाज बारीक. 'बरी आहे आई' याच्यापुढे गाडी जात नाही. एक-दोनदा रडली पण. ताईने मनाशी पक्कं धरलंय की पोरीचे तिकडे हाल चाललेत. भाऊजी म्हणतात, वापस बोलवा. इकडे आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू आहे, व्यापारी दारात बसलाय, आणि मी दोघांची समजूत काढत फिरतोय.

ज्यांच्या घरचं कोणी असं परमुलखात सेवेला गेलं आहे, किंवा बाहेरून आपल्या विदर्भात आलेली अशी माणसं ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांनी सांगावं. सुरुवातीचे दिवस कसे जातात? घरच्यांनी काय करावं? 'प्रार्थना करा' सोडून सांगा, ते चालूच आहे.

तर्री_पोहे
पह्यला नंबर आपला.
भाऊ, पोट्टीसंगं तिखट देल्लं होतं का? नसन देल्लं तर रडनच ना ते.

वाशिमची_लेक
बगीचावाला दादा, माझी आई वाशिमच्या मिशन दवाखान्यात आया होती. रेनॉल्ड्स मेमोरियल, नाझरीन मिशनचा. गावात कोणी ते नाव घेत नाही, नुसतं 'मिशन'. तिच्या उमेदीच्या काळात अमेरिकेतून तरुण नर्स यायच्या. एकीची गोष्ट ती फार सांगायची.

आल्या आल्या त्यांना कामाला लावत नसत. आधी भाषा. सकाळी ओसरीत टेबल मांडायचं, मराठीचा पंडित यायचा, आणि ही एवढी शिकलेली बाई घाम पुसत बाराखडी गिरवायची. ऊन्ह म्हणजे वाशिमचं ऊन्ह. दुपारी पंडित गेला की वॉर्डात येऊन उभी राहायची. पेशंट काय सांगतो ते कळायचं नाही, कोणी काही करू द्यायचं नाही. आई म्हणायची, तिकडे मोठ्या दवाखान्यात काम केलेली बाई, अन् इथे पंख्याखाली उभी राहून नखं खात होती. रात्री खोलीतून रडण्याचा आवाज यायचा म्हणे.

मग आईने तिला कात्री दिली. बाकावर शेजारी बसवून गॉजच्या घड्या कापायला लावल्या. चार बोटं रुंद, कडा आत दुमडायच्या, मग डब्यात रचायच्या आणि डबा ऑटोक्लेव्हला. कापता कापता आई वॉर्डातल्या एकेका वस्तूचं आणि माणसाचं नाव घ्यायची, ती मागून म्हणायची. पंडिताकडे झाली नाही तेवढी मराठी त्या बाकावर झाली, आणि झाली ती आमची वऱ्हाडी. पुढे मोठ्या डॉक्टरांनी राउंडला काही विचारलं तर बाईसाहेब म्हणाल्या, 'पेशंट झोपून राह्यला.' अख्खा वॉर्ड हसला. त्या दिवसापासून रडणं बंद.

म्हणून सांगते, 'जेवलीस का, झोपलीस का' विचारू नका. तिला हाताला काम मिळालं का ते विचारा.

बगीचावाला
ताई, हे डोक्यात आलंच नव्हतं. मागे ती म्हणाली होती की अजून केंद्रात बसू देत नाहीत, आधी भाषा शिक म्हणतात. आम्हाला वाटलं काही कमीजास्त झालं असेल.

धर्मपेठी_आजोबा
विषय निघालाच आहे तर आमच्या हिस्लॉप कॉलेजच्या हिस्लॉपचं सांगतो. कॉलेजात चार वर्षं काढूनही निम्म्या पोरांना हा कोण ते ठाऊक नसतं.

स्टीफन हिस्लॉप. जन्म १८१७, स्कॉटलंड. तिथलं चर्च १८४३ साली फुटलं, त्यातून निघालेल्या फ्री चर्चने याला पाठवलं. १८४५ साली बायकोला घेऊन नागपुरात आला तेव्हा तिशीसुद्धा गाठली नव्हती. मुंबईपर्यंत बोट आणि पुढे सगळा रस्ता. नागपूरला रेल्वे यायला १८६७ उजाडलं, म्हणजे विचार करा. गादीवर भोसले, कामठीत इंग्रजांची छावणी.

तो यायच्या आधीची हकिकत भयंकर आहे. १८४२ साली जर्मनीहून गोसनर नावाच्या पाद्र्याची माणसं अमरकंटकाकडे गोंडांमध्ये काम करायला आली होती. पटकी लागली आणि पहिल्याच वर्षी सहापैकी चौघे गेले. जे उरले त्यांच्यातले काही कामठीकडे आले. हे सगळं कानावर असताना माणूस इथे राहिला, मराठी शिकला, १८४६ ला शाळा काढली.

पण मला त्याच्यात आवडतं ते निराळंच. हा गडी हातात हातोडी घेऊन फिरायचा. सीताबर्डी, टाकळी, तिकडे मांगलीच्या खाणी, जिथे जाईल तिथले दगड फोडून जीवाश्म काढायचा. एका खनिजाला पुढे त्याच्या नावावरून हिस्लोपाइट म्हटलं गेलं. गोंडांची गाणी, चालीरीती टिपून ठेवल्या. ती टिपणं त्याच्या पश्चात १८६६ साली रिचर्ड टेंपलने छापली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परत येताना पूर आलेल्या नदीत बुडून मेला.

धर्मप्रसार वगैरे त्याचं त्याच्यापाशी. पण परक्या मुलखात ज्याला दगडाचं वेड असतं तो टिकतो, एवढं माझं निरीक्षण. भाचीला कसला नाद आहे?

तर्री_पोहे
आजोबा, दगडाचं वेड आमच्या गावात पण हाय. लोकं दुसऱ्याच्या वावरात फेकतेत.

रोखठोक
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. पापुआ न्यू गिनीत लोकसंख्येच्या ९५ टक्क्यांहून जास्त लोक आधीच ख्रिस्ती आहेत. मग तिथे मिशनरी कशाला? आणि आपल्या मेळघाटात पोरं कुपोषणाने जातात, आरोग्य केंद्रात नर्स नसते, त्याचं काय? घरचं लेकरू उपाशी अन् शेजाऱ्याले पुरणपोळी.

बगीचावाला
राग नाही. भाची आधी धारणीकडेच होती, कोरकू गावांमध्ये. कुठे जायचं हे त्यांच्यात स्वतः ठरवत नाहीत, पाठवतील तिथे जायचं, तसं व्रतच असतं. तिलाही मेळघाट सोडताना जड गेलं.

झेंडूचं_फूल
>> मग तिथे मिशनरी कशाला?
प्रत्येक वेळी धर्मांतरासाठीच जातात असं थोडंच आहे. तिकडच्या खेड्यांमधले कितीतरी दवाखाने आणि शाळा चर्चच चालवतात. नर्स लागते म्हणून नर्स पाठवली. सौदीला आपल्या पोरी जातात तेव्हा कोणी विचारत नाही.

रोखठोक
सौदीला पगारासाठी जातात. तो उघड व्यवहार आहे.

झेंडूचं_फूल
म्हणजे पैसे घेऊन केलं तर चालतं आणि फुकट केलं की संशय? धन्य आहे.

विदर्भ_विरोधी_विरोधी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संपादक
धर्मांतर या विषयावर आधीच दोन धागे आहेत आणि दोन्ही कुलूपबंद आहेत. तिसऱ्याची हौस नको. धागाकर्त्याने साधा घरगुती प्रश्न विचारला आहे, त्यावर बोला. विषय सोडून आलेले चार प्रतिसाद उडवले आहेत.

इंदोरा_चौक
मिशनरी म्हणजे फक्त ख्रिस्तीच का? नागपूरकरांनो, आपल्या ससाई भंतेजींना विसरलात? जपानमध्ये जन्मले, राजगीरला फुजी गुरुजींकडे (तेही जपानी भिक्खू) आले आणि साठीच्या दशकाच्या शेवटाकडे नागपुरात. ना हिंदी येत होती ना मराठी. आमचे आजोबा सांगायचे, पहाटे हातातलं चकतीसारखं ढोलकं बडवत, मंत्र म्हणत वस्तीतून एक गोरापिवळा भिक्खू जायचा आणि पोरं मागे. लोकांना आधी गंमत, मग सवय, मग आपलेपणा. जेवायला कोणत्या घरी बोलवायचं यावरून बाया भांडायच्या म्हणे. १९८७ साली भारताचं नागरिकत्व मिळालं. दीक्षाभूमीवर हजारोंना धम्मदीक्षा देणारे तेच. रामटेकजवळच्या मनसरचं उत्खनन झालं त्याच्यामागेही तेच लागले होते.

आता आजोबांनी हिस्लॉपचे दगड काढले, मी मनसरच्या विटा काढल्या. बाहेरून आलेल्यांना आपल्या मातीत खणायची हौसच दिसते.

वर्धेकर
इंदोरा चौक, फुजी गुरुजींचा धागा आमच्या वर्ध्याला येतो. १९३३ साली ते वर्ध्यात गांधीजींना भेटले. सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात आजही त्यांच्या 'नम्यो हो रेंगे क्यो'ने होते. गीताई मंदिराजवळचा विश्वशांती स्तूप बघितला असेलच.

पण बगीचावाल्यांना मीराबेनचं सांगावंसं वाटतं. इंग्रज नौदल अधिकाऱ्याची मुलगी, मॅडलिन स्लेड. १९२५ ला भारतात आली. येण्याआधी घरी बसून वर्षभर तयारी केली होती. मांस सोडलं, सूत कातायला शिकली, जमिनीवर मांडी घालून बसायची आणि झोपायचीही सवय केली, उर्दू शिकायला घेतली. एवढी तयारी! आणि पुढे आमच्या सिंदी गावात सफाईचं काम करायला लागली तर गावकरी ढुंकून बघेनात. गांधीजींची माणसं बादल्या घेऊन मैला उचलायची आणि लोक त्यांच्यासमोरच परत रस्त्यावर बसायचे. मग सेगाव, म्हणजे आत्ताचं सेवाग्राम. तिथे मलेरियाने खुद्द गांधीजींनाही १९३६ साली दवाखान्यात भरती व्हावं लागलं.

तेव्हा तयारी करून गेलेल्यालाही चटके बसतात. पोरीत काही कमी आहे असं ताईंना वाटू देऊ नका.

तर्री_पोहे
जमिनीवर बसाची तयारी! आमच्या मायले सांगतलं तर तिले वाटन थट्टा करून राह्यला.

भामरागड_व्हाया_पुणे
परदेश म्हणजे जिथे व्हिसा लागतो तो, असं मी भामरागडला येईपर्यंत मानत होतो.

पुण्याहून आलो, एका संस्थेच्या शाळेवर. राज्य तेच, एसटी तीच. पण पोरं माडिया बोलणार, मी मराठी. वर्गात मी बोलत राहायचो आणि पोरं खिडकीबाहेर बघायची. आलापल्लीच्या पुढे जंगल सुरू झालं की मोबाइल म्हणजे घड्याळ. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गाव तुटलं, पेपर नाही, भाजी नाही.

हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी सुरू झाली तेव्हा वीज, रस्ता काही नव्हतं आणि सुरुवातीला दवाखान्यात कोणी येतच नसे, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. वाचताना ते शौर्य वाटतं. प्रत्यक्षात ती रिकामी दुपार असते. वाशिमची लेक यांनी लिहिलं ना, पंख्याखाली उभी राहून नखं खाणं, तंतोतंत तेच. फक्त माझ्याकडे पंखा नव्हता.

मला कोणी सावरलं सांगू? वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईने. मोहाची फुलं वेचायला सोबत घेऊन गेली. सूर्य वर यायच्या आत झाडाखाली वाकून एकेक टपोरं फूल टोपलीत टाकायचं, बोटं चिकट होतात, वास डोक्यात जातो. ती काहीच बोलत नव्हती आणि मलाही बोलावं लागत नव्हतं. त्या काळात माझी आई रोज फोन लावायची (मी टेकडीवर चढून घ्यायचो) आणि फोन ठेवला की माझा दिवस वाया जायचा. शेवटी आईला सांगितलं, रविवारी एकदाच. ती महिनाभर रुसली. पण मी टिकलो.

माय_माउली_६२
मला हे पटलं नाही. माझा मुलगा जहाजावर आहे. मी रोज मेसेज टाकते, रोज उत्तर येतं. आईचा आवाज ऐकून कोणाचा दिवस वाया जात नसतो. तुम्हा पोरांना सगळं आईच्या डोक्यावर फोडायची सवय. ताईंनी रोज फोन करावा, आणि रडू आलं तर दोघींनी रडावं. रडल्याने कोणी मरत नाही.

भामरागड_व्हाया_पुणे
काकू, नमस्कार. मेसेज आणि फोन यात फरक आहे ना पण. मेसेज तो त्याच्या सवडीने वाचतो.

माय_माउली_६२
हं. तेवढं खरं आहे.

खाणवाला_घुग्घूस
धागा आत्ता दिसला. अरे बाप्पा, पापुआ न्यू गिनी! मी तिकडे हायलँड्समध्ये सोन्याच्या खाणीवर होतो, कोळशातून सुटून सोन्यात गेलेला आमच्या खानदानातला एकटाच. बगीचावाला भाऊ, आधी एक विचारतो. ताई फोन किती वाजता करते म्हणालात? रात्री आठ-साडेआठ?

तिकडचं घड्याळ आपल्या साडेचार तास पुढे आहे. इथे साडेआठ म्हणजे तिथे रात्रीचा एक. सिस्टर लोक पहाटे प्रार्थनेला उठतात. पोरगी रोज मध्यरात्री गाढ झोपेतून उठून आईशी बोलते आहे, तेही बाकीच्यांना जाग येऊ नये म्हणून हळू आवाजात. आवाज बारीक नाही येणार तर काय!

तर्री_पोहे
😂😂😂
केस सॉल्व्ह. धागा बंद करा.

वर्धेकर
अरे देवा. आणि आईला वाईट वाटू नये म्हणून बोलली नसणार.

बगीचावाला
काय बोलू आता. ताईला आत्ताच फोन करून सांगितलं. अर्धा मिनिट गप्प, मग म्हणते, 'मंग सांगाले काय झालं होतं तिले?' पोरीची वेळ विचारून घेतली, आता इकडच्या दुपारी दोन-अडीचला. खाणवाला भाऊ, बाकीचंही सविस्तर लिहा ना. घरात प्रिंट काढून वाचतो.

खाणवाला_घुग्घूस
लिहितो, सवडीने वाचा.

पहिलं म्हणजे राजधानी पोर्ट मोर्सबीहून हायलँड्सला जायला रस्ताच नाही. विमानानेच जावं लागतं. एक हायवे आहे तो समुद्रकाठच्या लाए शहरातून वर येतो, आणि पावसात दरड पडली की तोही बसतो. त्यामुळे 'मुलीला भेटायला जाऊ' हे भाऊजींच्या डोक्यात असेल तर खर्चाचा अंदाज आधी घ्या.

माउंट हेगन समुद्रसपाटीपासून १६०० मीटरच्या वर. चिखलदऱ्यापेक्षाही उंच. रात्री थंडी वाजते, रोज दुपारी पाऊस. वरुडची पोरगी पहिले काही दिवस ओल्या कपड्यांनीच वैतागली असेल. स्वेटर पाठवा. मलेरिया खाली समुद्राकडे जास्त, वर कमी, पण खाली येणं-जाणं असतंच. ती नर्स आहे, तिला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

जेवण म्हणजे काउकाऊ. रताळं. सकाळी रताळं, दुपारी रताळं, संध्याकाळी पाहुणे आले म्हणून रताळं आणि डुक्कर. सणाला खड्डा खणतात, तापवलेले दगड टाकतात, केळीच्या पानांत रताळी, भाज्या, मांस रचतात आणि वरून माती लोटतात. मूमू म्हणतात त्याला. काही तासांनी उघडलं की वाफेचा जो लोट येतो! मी शाकाहारी घरातला, तरी खड्ड्याभोवती पहिल्या रांगेत. दुकानात तांदूळ आणि डब्यातली मासळी मिळते. भाकर विसरायची.

भाषा. देशात ८०० च्या वर भाषा आहेत. ह्या डोंगरातली त्या डोंगरात चालत नाही. पण सगळ्यांना जोडणारी टोक पिसिन आहे, ती इंग्रजी येणाऱ्याला लवकर येते. कानाला इंग्रजी वाटते आणि अर्थ भलताच निघतो, म्हणून आधी शिक म्हणतात ते बरोबर आहे. औषध 'दिवसातून दोनदा' की 'दोन दिवसांतून एकदा' हा घोळ दवाखान्यात परवडत नाही.

माणसं. आपल्या भाषेच्या, आपल्या कुळाच्या माणसासाठी जीव टाकतील. टोळ्यांची भांडणंही होतात आणि ती जिवावरची असतात, हे लपवत नाही. संध्याकाळनंतर एकटं बाहेर नाही, हा नियम पोरीला तिथल्या सिस्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितला असेल. पण एकदा गावाने तुम्हाला 'आमची' म्हटलं की तुमची काळजी गाव करतं. मिशनच्या नर्सला तर फारच मान. बाया खांद्यावरच्या दोऱ्याच्या पिशवीत, बिलुम म्हणतात, रताळी घालून दारात ठेवून जातात. लेकरू पण त्याच पिशवीत झोपतं, कपाळावर बंद अडकवून पाठीवर लोंबतं.

आणि शेवटचं, चंद्रपूरकरांसाठी खास. बुआई! सुपारी, चुना आणि तिकडे 'मस्टर्ड' म्हणतात ती नागवेलीच्या जातीची शेंग, एकत्र चघळायचं आणि लालभडक थुंकायचं. रस्ते, भिंती, बस स्टँड, सगळं रंगलेलं. विमानातून उतरलो आणि डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, ठेल्यावर खर्रा घोटतानाचा आवाज तेवढा नाही, बाकी आपलंच गाव.

विदर्भ_विरोधी_विरोधी
वाचनखूण साठवली. असे प्रतिसाद येतात म्हणून इथे पडीक असतो.

रोखठोक
खाणवाला, उत्तम. माझा मूळ आक्षेप कायम आहे, पण मुलीला शुभेच्छा. स्वेटर सोबत रेनकोटही द्या, छत्री डोंगरात कामाची नाही.

झेंडूचं_फूल
रोखठोक यांनी शुभेच्छा दिल्या, तारीख लिहून ठेवा रे कोणीतरी.

फादरचा_धाकटा
माझा मोठा भाऊ फादर आहे, पूर्व आफ्रिकेत. उशिरा लिहितोय पण एक गोष्ट कोणी सांगितली नाही.

पहिले आठवडे लोक समजतात तितके वाईट नसतात. सगळं नवीन असतं, सत्कार होतात, पोरं हार घालतात, फोटो येतात. भाऊ तेव्हा उड्या मारत होता. खरी पडझड नंतर येते, नवलाई संपल्यावर. भाषा थोडी यायला लागते आणि मग कळतं की आपल्याला किती येत नाही. त्यात आपल्याकडचा सण येतो. त्याच्या बाबतीत नाताळ आला. तिकडे नाताळ होताच, जोरात होता, नाच-गाणी होती. पण आमच्या मंडळीत भजनाला पेटी-तबला असतो, आदल्या रात्री घरोघर गात फिरतात, शेवटी कोणाच्या तरी अंगणात चहा आणि करंज्या. ते आठवून गडी चर्चच्या मागे जाऊन बसला होता. हे त्याने आम्हाला फार उशिरा सांगितलं.

बगीचावाले, नाताळ जवळ येतोय. आत्ताच्या रडण्याने घाबरू नका, पण डिसेंबरकडे लक्ष असू द्या. आम्ही पुढच्या वर्षी काय केलं, घरोघर फिरताना एक भजन मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवलं. सगळी गडबड, कुत्री भुंकतायत, काका बेसूर. त्याने ते तिकडच्या पोरांना ऐकवलं, त्यांनी चाल उचलली. आता त्यांच्या चर्चमध्ये एक मराठी चाल गातात, शब्द त्यांचे.

वाशिमची_लेक
किती छान. बेसूर काका मात्र सगळ्या मंडळीत एकच असावेत, सगळीकडे पाठवलेले.

बगीचावाला
मंडळी, अपडेट. काल दुपारी ताईने फोन लावला, मी शेजारी होतो. पोरगी व्हरांड्यात बसली होती, आवाज खणखणीत. वीस मिनिटं तीच बोलत होती. भाषेचा वर्ग चालू आहे. केंद्रात अजून तपासायला बसवत नाहीत, पण वाशिमची लेक यांचं वाचून ताईने 'हाताला काम आहे का' विचारलं. तर म्हणे स्वयंपाकघरातल्या एका म्हाताऱ्या बाईने वाफा दिलाय, रताळ्याच्या वेली लावायला. मातीचे गोल ढीग करायचे आणि वेलीचे तुकडे खुपसायचे. शेतकऱ्याची पोर, तिने ढीग बघून म्हाताऱ्या बाईला निचरा समजावला, हातवारे करून. त्यावरून दोघींचं वाजलं. म्हातारीने तिचे सगळे ढीग मोडून परत केले.

भाऊजी हे ऐकून पहिल्यांदा हसले. म्हणाले, आजीवर गेली आहे, तिकडे जाऊन पण वावरात भांडून राहिली.

वापस बोलवायचा विषय सध्या तरी मिटला. आता पार्सलचं बोलतो. ताईने यादी केली आहे: तिखट, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, संत्रा बर्फी, ज्वारीचं पीठ आणि (हे माझं) जंबेरीच्या (ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात) थोड्या बिया. काय जाईल?

खाणवाला_घुग्घूस
बिया अजिबात नको! तिकडे शेतीमालाची तपासणी कडक आहे. बिया, ताजी फळं, माती लागलेलं काहीही नको. घरचं लोणचं पण टाळा, फुटलं तर पार्सलमधलं सगळं जाईल. बाकीचं दुकानातलं बंद पाकीट, वर नाव छापलेलं असलेलं घ्या आणि फॉर्मवर खरं खरं लिहा. पोस्टाने वेळ लागतो. संघातलं कोणी जाणारं असेल तर त्यांच्या हाती देणं सगळ्यात बरं.

धर्मपेठी_आजोबा
बगीचावाले, तुम्ही परदेशात संत्र्याची कलमं बांधायला निघालात! मिशनरी घरात दोन आहेत म्हणायचे.

तर्री_पोहे
घरच्या तिखटाचं सांगा ना पण. पाकिटातलं तिखट म्हंजे रंग.

माय_माउली_६२
जहाजावर मी घरचंच देते, जाड पिशवीत दोनदा सील करून. मसाल्याच्या दुकानात पॅक करून शिक्का मारून देतात, त्यांना दळलेलं तिखट नेऊन द्यायचं. अमरावतीला नक्की मिळेल असं दुकान. विमानाचं मला माहीत नाही, खाणवाले सांगतील.

खाणवाला_घुग्घूस
चालावं काकू. मी नेलं होतं तसं, वर इंग्रजीत लेबल लावून.

इंदोरा_चौक
अवांतर: आजोबा, ती टाकळघाटची शिळावर्तुळं अजून दिसतात का? बुटीबोरीवरून हजारदा गेलो, कधी वळलो नाही.

धर्मपेठी_आजोबा
दिसतात, पण माहीतगार सोबत पाहिजे. नाहीतर शेतातले धोंडे समजून पुढे जाल. थंडीत गेलेलं बरं, गवत वाळलेलं असतं.

वर्धेकर
मग कट्टाच करू. मी वर्ध्याहून येतो, इंदोरा चौक नागपूरहून. डिसेंबरचा दुसरा रविवार?

बगीचावाला
दुसरा रविवार जमेल, तोवर तोड आटपते. संत्री माझ्याकडून.

तर्री_पोहे
पोहे आपल्याकडून. कोणाकडं कार हाय बे?